‘कसे?’ आणि ‘का?’

अर्धवट राहिलेली गोष्ट मनास चैन पडू देत नाही, हा अनुभव लहानथोर सर्वांस आहे. आजी गोष्ट सांगता सांगता पेंगू लागली म्हणजे नातवंडे तिचा हात हलवून ‘मग पुढे काय झाले?’ असे विचारल्यावाचून राहत नाहीत. कीर्तनकाराने आख्यान ऐन रंगात आणून मध्येच अभंग धरला, म्हणजे श्रोत्यांचा जीव वरखाली होतो. ह्या एका प्रश्नावरच जगातील यच्चयावत् कथाकारांचा निर्वाह चालतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

हल्ली हाच प्रश्न घरोघरी दूरचित्रवाणीपुढे बसून विचारला जातो. रहस्यमालिकेचे एक पर्व संपत येते, शेवटच्या भागात नायक घोर संकटात सापडतो, पडदा काळा होतो, आणि पुढील पर्वाची वाट पाहत प्रेक्षकांस कित्येक महिने तिष्ठत राहावे लागते. मुलांचा वेळ अशा मालिकांत फुकट जातो, अशी पुष्कळ पालकांची तक्रार आमच्या कानी येते. ती सर्वस्वी खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु पर्वाचा शेवट पाहून जी तगमग प्रेक्षकांच्या मनात उत्पन्न होते, तिचे स्वरूप नीट समजून घेतले, तर तीपासून शिकण्याजोगे पुष्कळ आहे, असे आमचे मत आहे. ते एका प्रसिद्ध उदाहरणाच्या साहाय्याने वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम रहस्यकथेचा धर्म काय, ते पाहू. इतर कथांत लेखक सांगतो व वाचक ऐकतो. रहस्यकथेत मात्र दोघांमध्ये एक प्रकारचा करार असतो. लेखकाने कोडे घालावे, पण ते सोडविण्यास लागणारे दुवे वाचकाच्या डोळ्यांआड ठेवू नयेत. वाचकाने ते दुवे शोधावेत, पण अधीर होऊन शेवटचे पान आधी उलटू नये. रोनल्ड नॉक्स नावाच्या एका इंग्रज धर्मगुरूंनी इ. स. १९२९ मध्ये अशा कथांकरिता दहा नियम घालून दिले. गुप्तहेरास सापडलेला प्रत्येक दुवा तत्काळ वाचकांसही दाखविला पाहिजे, हा त्यांपैकी एक होय. धर्मोपदेशकाने चोर-शिपायांच्या गोष्टींस नियम घालावेत, ह्याचे कोणास नवल वाटेल. पण ह्या नियमांच्या मुळाशी सचोटीचेच तत्त्व आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ते नवल उरत नाही.

आता आमचे उदाहरण. सर आर्थर कॉनन डॉयल ह्यांनी निर्मिलेला गुप्तहेर शेरलॉक होम्स आमच्या वाचनालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांस अपरिचित नाही. इ. स. १८८७ मध्ये तो प्रथम वाचकांपुढे आला, आणि १८९१ पासून लंडनच्या ‘स्ट्रँड’ मासिकातील कथांमुळे त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु खुद्द डॉयलसाहेबांस त्याचा कंटाळा आला. ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणे हेच आपले खरे काम, आणि हा होम्स आपले मन त्यापासून ओढून नेतो, असे त्यांस वाटे. म्हणून १८९३ च्या डिसेंबर महिन्याच्या अंकात त्यांनी स्वित्झर्लंडमधील राइशेनबाख धबधब्याच्या कड्यावर होम्स आणि त्याचा शत्रू प्रोफेसर मॉरियार्टी ह्यांची झुंज लावून दिली. कड्याच्या टोकापर्यंत गेलेली पावले होती. परत आलेले एकही पाऊल नव्हते. होम्सचा जिवलग मित्र डॉक्टर वॉटसन ह्याने तो कडा पाहिला, होम्सने मागे ठेवलेली चिठ्ठी वाचली, आणि आपला मित्र गेला असे मानून तो जड अंतःकरणाने माघारी फिरला.

वाचकांवर जणू वीज कोसळली. डॉयलसाहेबांकडे पत्रांचा पाऊस पडला. एका बाईने तर पत्राचा आरंभच त्यांस पशूची उपमा देऊन केला होता, ही हकीकत त्यांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रात नमूद केली आहे. वीस हजारांवर वर्गणीदारांनी मासिक बंद केले, असे सांगतात. लंडनमधील तरुण दंडास काळ्या फिती बांधून हिंडत होते, असेही सांगतात. परंतु ह्या दुसऱ्या गोष्टीस त्या काळचा भक्कम पुरावा आढळत नाही. होम्सच्या चाहत्यांनी तरी पुराव्यावाचून काही मानू नये, म्हणून आम्ही हे मुद्दाम सांगून ठेवीत आहो. पुढे १९०१–०२ मध्ये ‘बास्करव्हिल्सचा शिकारी कुत्रा’ ही कादंबरी निघाली, पण ती होम्सच्या मृत्यूपूर्वीची कथा म्हणून. अखेर १९०३ मध्ये, म्हणजे सुमारे दहा वर्षांनी, डॉयलसाहेबांनी त्यास परत आणिले. दरीत एकटा मॉरियार्टीच पडला होता, आणि शत्रूच्या साथीदारांस चुकविण्यासाठी होम्सने आपण मेलो अशी समजूत जगास करून घेऊ दिली होती, असा उलगडा त्यांनी केला.

ह्या जुन्या कथेस आमच्या काळात नवा अवतार मिळाला. स्टीव्हन मॉफट व मार्क गॅटिस ह्यांनी रचलेली ‘शेरलॉक’ नावाची मालिका २५ जुलै २०१० पासून ‘बीबीसी वन’ ह्या ब्रिटिश वाहिनीवर दिसू लागली. होम्सची भूमिका बेनेडिक्ट कंबरबॅच ह्यांनी व वॉटसनची मार्टिन फ्रीमन ह्यांनी केली. गॅसच्या दिव्यांच्या व घोडागाड्यांच्या जागी मोबाइल फोन व टॅक्सी आल्या. माणसे मात्र तीच राहिली. एका पर्वात अवघे तीन भाग, आणि प्रत्येक भाग सुमारे दीड तासाचा, असा तिचा बेत होता. त्यामुळे एकेका पर्वाचा शेवट प्रेक्षकांच्या मनात फार काळ घोळत राही.

दुसऱ्या पर्वाचा शेवटचा भाग १५ जानेवारी २०१२ रोजी दाखविण्यात आला. त्यात मॉरियार्टी होम्सचा जीव घेण्यापूर्वी त्याचे नाव घेऊ पाहतो. होम्स हा तोतया असून त्याने सोडविलेले गुन्हे त्यानेच घडवून आणिले होते, आणि आपण तर त्याने भाड्याने ठेवलेला एक गरीब नट आहो, असा बनाव तो रचितो. वर्तमानपत्रे तो छापतात. लोक त्यावर विश्वास ठेवितात. शेवटी लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या गच्चीवर दोघांची गाठ पडते. तू येथून उडी टाकली नाहीस, तर तुझ्या तीन मित्रांस ह्याच घटकेस गोळ्या घातल्या जातील, असे मॉरियार्टी त्यास बजावितो, आणि ते मरण टळण्याची वाटच उरू नये म्हणून स्वतःवर पिस्तूल झाडून घेतो. होम्स खाली रस्त्यावर उभ्या असलेल्या जॉन वॉटसनला फोन करितो, मी खरोखरच लबाड होतो असे रडत सांगतो, आणि उडी टाकितो. जॉन धावतो, वाटेत एक सायकलस्वार त्यास धडक देऊन पाडितो, कसाबसा उठून तो जवळ जातो व मित्राचे मनगट धरून पाहतो. नाडी लागत नाही. पुढे कबरीपाशी उभा राहून तो मृत मित्रास म्हणतो की, आणखी एकच चमत्कार कर, मेलेला राहू नकोस. तो पाठ फिरवून निघून जातो, आणि दूर झाडांच्या आडून त्याच्याकडे पाहत उभा असलेला शेरलॉक आपल्याला दिसतो. पर्व तेथेच संपते.

येथे १८९३ आणि २०१२ ह्यांतील भेद लक्षात घ्यावा. पूर्वीच्या वाचकांस होम्स मेला असे सांगितले होते. म्हणून त्यांनी शोक केला व लेखकावर राग काढिला. नव्या प्रेक्षकांस तो जिवंत आहे हे दाखविले होते. म्हणून त्यांनी शोक न करता शोध आरंभिला. डोळ्यांदेखत गच्चीवरून पडलेला मनुष्य जिवंत राहिला कसा? ह्या एका प्रश्नाने त्यांची झोप उडविली. तो भाग थांबवून थांबवून, एकेक चित्र न्याहाळून त्यांनी पाहिला, आणि इंटरनेटवर देशोदेशींचे अनोळखी लोक एकमेकांचे तर्क तपासू लागले.

त्यांनी काय काय टिपले ते पाहण्यासारखे आहे. जॉनने आपली जागा सोडू नये असा आग्रह शेरलॉकने फोनवर धरिला. कारण जॉन व पडण्याची जागा ह्यांच्या मध्ये एक बुटकी इमारत होती व तीमुळे जमिनीचा भाग त्यास दिसत नव्हता. पडण्याच्या जागेजवळ पोत्यांनी भरलेली एक लॉरी उभी होती. सायकलस्वाराची धडक हा योगायोग नसून वेळ काढण्याची युक्ती असावी. तत्पूर्वी शेरलॉक प्रयोगशाळेत एक रबरी चेंडू उडवीत बसलेला दिसला होता. तसा चेंडू काखेत घट्ट दाबला असता हातास जाणारी धमनी दाबली जाते व मनगटाची नाडी लागत नाही. शवागारात काम करणारी मॉली हूपर हिच्याकडे त्याने आदल्या रात्री मदत मागितली होती; प्रेत मिळविणे तिला अशक्य नव्हते. विद्यार्थ्यांनो, शास्त्राच्या तासाला निरीक्षण, तर्क व पडताळा असे जे तीन टप्पे तुम्हांस शिकविले जातात, तेच हे प्रेक्षक कोणी न सांगता गिरवीत होते. करमणुकीच्या निमित्ताने का होईना, लाखो माणसे पुरावा मागावयास शिकली, हे लहान काम नव्हे.

आणखी एक गोष्ट घडली, आणि ती आम्हांस अधिक मोलाची वाटते. कथेतील जगाने होम्सला खोटा ठरविले होते. तेव्हा प्रत्यक्ष जगातील चाहते त्याच्या बाजूस उभे राहिले. आमचा शेरलॉक होम्सवर विश्वास आहे, अशा अर्थाच्या चिठ्ठ्या व भित्तिपत्रके ठिकठिकाणी झळकू लागली. सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाजवळील एक लाल टेलिफोन बूथ तर अशा चिठ्ठ्यांनी भरून गेला. कल्पित माणसाकरिता हा खटाटोप कशाला, असे कोणी शहाणा म्हणेल. परंतु खोट्या बातमीने एखाद्याचे नाव काळे होत असता गप्प न बसण्याची जी वृत्ती, ती येथे खेळाच्या रूपाने प्रकट झाली होती. शाळेच्या अंगणात एखाद्या मुलावर चोरीचा आळ येतो, सगळे त्यास नावे ठेवितात, आणि एकटा सोबती पुढे होऊन ‘मी ह्यास ओळखतो, हा असे करणार नाही’ म्हणतो. त्या सोबत्याचेच हे मोठे रूप नव्हे काय?

जवळजवळ दोन वर्षे लोटली. १ जानेवारी २०१४ रोजी तिसऱ्या पर्वाचा पहिला भाग दाखविण्यात आला. कर्त्यांनी मोठी गमतीची योजना केली होती. त्यांनी प्रेक्षकांसच कथेत आणून बसविले! होम्सच्या बदनामीस हातभार लावल्याच्या पश्चात्तापाने पोळलेला अँडरसन नावाचा मनुष्य चाहत्यांचे मंडळ काढितो आणि ती उडी कशी साधली असेल ह्याचे तर्क रचीत बसतो. एक तर्क असा की, होम्सने कमरेस रबरी दोर बांधला होता. दुसरा असा की, खाली पडला तो माणूस नसून बाहुला होता. शेवटी शेरलॉक स्वतः अँडरसनला हवा भरलेल्या अजस्र गादीची, जॉनची दृष्टी चुकविण्यासाठी योजिलेल्या माणसांची व काखेतील चेंडूची हकीकत सांगतो. ती ऐकून अँडरसनचा चेहरा पडतो. एवढेच होय, असे त्यास वाटते. आणि मग शंका येते की, हा आपणांस खरे ते कशाला सांगेल? खरे उत्तर कोणते, हे कर्त्यांनी निर्विवादपणे सांगितलेच नाही.

ह्यावर प्रेक्षकांत दोन पक्ष पडले. काही जण खळखळून हसले. काहींस आपली फसवणूक झाली असे वाटले. दोन वर्षे डोके खाजविले, आणि हाती काय आले? नॉक्स ह्यांच्या नियमांच्या दृष्टीने पाहिल्यास ही तक्रार निराधार नाही. कोडे घातले म्हणजे उत्तर देणे हे घालणाऱ्याचे ऋण आहे, आणि ते त्याने थट्टेवारी नेऊ नये, असे आम्हांसही वाटते.

परंतु त्याच भागात एक लहानसा प्रसंग आहे, आणि आमच्या मते सर्व प्रकरणाची किल्ली त्यात आहे. शेरलॉक एका उपाहारगृहात वाढप्याचा वेष घेऊन अचानक जॉनपुढे उभा राहतो. जॉन आनंदाने नाचेल अशी त्याची कल्पना. पण जॉन त्याच्या अंगावर धावून जातो. पुढे शेरलॉक मोठ्या ऐटीने आपली युक्ती सांगू लागतो, तेव्हा जॉन त्यास अडवितो. तू हे कसे केलेस ह्याची मला पर्वा नाही. का केलेस, ते मला सांग, असे तो म्हणतो.

पाहा, सारे जग दोन वर्षे ‘कसे?’ म्हणून विचारीत होते. ज्याने प्रत्यक्ष दुःख सोसले त्या एका माणसाने ‘का?’ म्हणून विचारिले. ‘कसे?’ ह्याचे उत्तर दोर, गादी, लॉरी, चेंडू अशा वस्तूंनी देता येते. ते कितीही चतुर असले तरी ऐकल्यावर थोडेसे फिकेच वाटते; जादूगाराची युक्ती कळली म्हणजे जादू जाते, तसेच ते आहे. ‘का?’ ह्याचे उत्तर माणसाच्या अंतःकरणात असते. मित्रांचे प्राण वाचावेत म्हणून होम्सने आपले नाव मातीत मिळू दिले. मित्रांकरिता जीव देणाऱ्याच्या प्रीतीविषयी शुभवर्तमानात जे सांगितले आहे, ते आमच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहे. आपली अब्रू मित्रांकरिता देणे हेही त्या प्रीतीपासून फार दूर नाही. तथापि जॉनचा राग खोटा होता असे मात्र नव्हे. ज्याने सर्वांत अधिक विश्वास ठेविला, त्यासच दोन वर्षे अंधारात ठेविले. वाचविण्याकरिता का होईना, मित्राचे हृदय मोडले. म्हणून ह्या ‘का?’ चे उत्तर मिळाल्यावरही एक गोष्ट उरते: क्षमा मागणे, आणि क्षमा करणे. शेरलॉकच्या अफाट बुद्धीस तीच सर्वांत जड गेली.

आता ह्या उत्साहाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाही तर आमच्या लेखास एकांगीपणाचा दोष येईल. चौथ्या पर्वाचा शेवटचा भाग १५ जानेवारी २०१७ रोजी दाखविण्यात आला. तो आदल्या दिवशीच रशियन भाषेत बाहेर फुटला होता, आणि तो पसरवू नका, इतरांचा रसभंग करू नका, अशी विनंती मालिकेच्या निर्मात्यांस चाहत्यांना करावी लागली होती. भाग पाहून कित्येकांची निराशा झाली. पण त्यांतील काहींस ती निराशा खरी वाटेना. इतकी वर्षे आम्हांस प्रत्येक गोष्टीत दुवा शोधावयास शिकविणारे लोक असा शेवट करतील कसे? हा शेवट खोटा असून आणखी एक गुप्त भाग उरला असला पाहिजे, असा तर्क त्यांनी बांधिला. पुढील रविवारी, २२ जानेवारीस, त्याच वाहिनीवर ‘ॲपल ट्री यार्ड’ नावाची नवी मालिका सुरू होणार होती. ती निव्वळ बतावणी असून तिच्या नावाखाली शेरलॉकच अवतरणार, असा पुष्कळांचा कयास होता. रविवार उजाडला, वेळ झाली, आणि लागली ती ‘ॲपल ट्री यार्ड’च!

हे वाचून हसू येते; पण आम्हांस त्या लोकांची कीवही येते. ते मूर्ख नव्हते. पाच वर्षांपूर्वी जी निरीक्षणशक्ती लॉरी व चेंडू हेरीत होती, तीच आता नसलेल्या वस्तूही पाहू लागली होती. फरक एवढाच की, पूर्वी पुराव्यावरून तर्क निघत होता. आता तर्क आधी ठरला होता व पुरावा त्याच्या मागून ओढून आणिला जात होता. प्रिय वस्तूचा अंत आपल्या मनासारखा झाला नाही, म्हणजे ‘हा अंतच नव्हे’ असे मन म्हणू लागते. ही दुर्बलता केवळ दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांची नाही. परीक्षेचा निकाल मनासारखा न लागलेला विद्यार्थी आणि अफवेस सत्य मानून बसलेला गृहस्थ ह्यांच्या ठायीही ती असते. आपला तर्क चुकला, हे तीन शब्द उच्चारण्यास जे धैर्य लागते, ते गुन्हेगाराचा पाठलाग करण्याच्या धैर्याहून कमी नव्हे.

तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांस आमची सूचना इतकीच की, रहस्यमालिका पाहावयाची झाल्यास अभ्यास सांभाळून पाहा, आणि डोळे उघडे ठेवून पाहा. शेवटचा भाग संपला म्हणजे दोन प्रश्न वहीत लिहा. पहिला, ‘हे कसे झाले?’ त्याचे उत्तर पुराव्याने द्या, आणि पुरावा विरुद्ध गेल्यास आपले उत्तर खोडावयास लाजू नका. दुसरा, ‘ह्याने असे का केले?’ त्याचे उत्तर देताना त्या माणसाच्या जागी क्षणभर उभे राहून पाहा. ज्यांनी तो भाग अद्याप पाहिला नसेल त्यांस शेवट सांगू नका. दुसऱ्याचा आनंद राखणे हीदेखील सभ्यता आहे.

पालकांसही एक विनंती आहे. मुलगा मालिकेच्या शेवटावर तावातावाने बोलू लागला, म्हणजे ‘पुरे झाले ते खूळ’ म्हणून त्यास गप्प बसवू नये. घटकाभर त्याचे ऐकून घ्यावे आणि ‘का?’ हा प्रश्न त्यास विचारावा. कारण हाच प्रश्न उद्या घरातही उपयोगी पडणार आहे. मुलाच्या हातून काच फुटते, पैसे हरवतात, प्रगतिपुस्तकावरील सही खोटी निघते. अशा वेळी आपण मोठी माणसे हुशार गुप्तहेराप्रमाणे ‘कसे?’ चा छडा तत्काळ लावितो, आणि तेथेच थांबतो. जॉन वॉटसन तेथे थांबला नाही.